घरची शाळा, पाण्याचे रंग

ठाण्यात खोपटला एसटीचा डेपो आहे, हे बाहेरगावच्या माणसालाही ठाऊक असते. आमचे घर त्याच्या मागल्या अंगाला. चार वर्षांपूर्वी जून महिन्यात माझ्या धाकट्याने डेपोतली लाल गाडी रंगवायला घेतली. बारा वड्यांचा रंगाचा डबा आणि दुकानात मिळते ती साधी चित्रकलेची वही. गाडीचा लाल रंग ओला असतानाच त्याने खाली रस्त्याचा काळा लावला. लाल काळ्यात उतरला, काळा लालात चढला, आणि पाहता पाहता गाडीला अपघात झाला. तो रडवेला होऊन म्हणाला, "अब्बू, हे थांबव ना." मी टिपकागद लावला, मग जुन्या बनियनचा बोळा लावला. रंग थांबला नाही. कागदाला मात्र भोक पडले.

तीस वर्षे मी कविता लिहितो. चुकलेली ओळ खोडता येते, ही त्या धंद्यातली मोठी सोय. पाण्याच्या रंगात ती सोय नाही, हे मला त्या दिवशी एक्कावन्नाव्या वर्षी कळले. आणि शिकवायला घरात दुसरे कोणी नव्हते, म्हणून मी मुलांच्या शेजारी बसून शिकायला लागलो.

इथे थोडे घरचे सांगायला हवे. माझी दोन्ही मुले शाळेत जात नाहीत. थोरली बोलताना अडखळते. वर्गात तिला उभे करून वाचायला लावत, ती 'प'वर अडकली की मागचे बाक हसत, आणि शिकवणारेही हसू दाबत. पाचवीच्या अर्ध्यात तिने घरातही बोलणे कमी केले. तेव्हा मी आणि माझ्या बायकोने ठरवले की पुरे झाले. बायको डोंबिवलीला नोकरीला जाते. मी छापखान्यांची मुद्रिते तपासतो, ते काम घरी बसून होते. म्हणून शाळा माझ्याकडे आली. वर्षभराने धाकटाही म्हणाला, मी ताईजवळच शिकतो. पुढे चौदा वर्षे पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावीची परीक्षा देता येते, एवढा आधार आम्ही धरला आहे.

पण मुलाला शाळेतून काढणे निराळे आणि मुलीला काढणे निराळे. त्यातही मुसलमानाने काढणे फारच निराळे. माझी भिवंडीची खाला फोनवर म्हणाली, "काय रे, कवी म्हणवतोस आणि लेकीला घरी बसवलीस?" बिल्डिंगमधल्या एका सज्जनांनी तर मला सावित्रीबाई फुल्यांचे छोटे चरित्र आणून दिले. मी ते आधीच वाचलेले होते. सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात ज्या फातिमेचा उल्लेख येतो, तिचे नाव आमच्या घरात पोरांना तोंडपाठ आहे. पण ते पुस्तक मी परत केले नाही. देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, आणि खालाचाही नव्हता. आपल्याकडे शाळेचा इतिहास हा दाराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसांचा इतिहास आहे. ज्यांना दार उघडायला दीडशे वर्षे लागली, त्यांच्यातलाच कोणी आपण होऊन बाहेर पडला, तर लोक विचारणारच.

तर चित्रकला. शिकवणारा मिळेना. एका शाळेत मी एलिमेंटरीच्या परीक्षेची चौकशी करायला गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारले, "मुलगी कुठल्या शाळेची?" मी म्हटले, "घरची." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि पुढच्या माणसाला बोलावले. मग मी कवी लोक करतात तेच केले. जे हाताला येत नव्हते, त्याविषयी वाचत बसलो. इंग्रजी जलरंग आपल्याकडे आले कसे, आणि ते आधी कोणी, कोणाजवळ बसून शिकले, हे शोधता शोधता बऱ्याच गोष्टी हाती लागल्या. त्यातली पहिली आमच्या ठाण्याचीच निघाली.

सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. मराठी कागदपत्रांतला 'मालीट' तो हाच. त्याच्या ओळखीने जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९२च्या सुमारास पुण्यात आला. त्याने पेशव्यांचे आणि नाना फडणविसांचे चित्र काढले, आणि पेशव्यांच्या परवानगीने शनिवारवाड्यात चित्रकलेचा एक वर्ग सुरू झाला. त्या वर्गाशी जोडलेले ठळक नाव म्हणजे गंगाराम चिंतामण तांबट. वेल्स येण्यापूर्वीच, १७९०मध्ये, गंगारामाने पर्वतीच्या पायथ्याच्या पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढलेला आहे. पुढे त्याने वेरूळची लेणी काढली. शाई आणि पातळ रंगांचे हात देऊन केलेली त्याची चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तांबटाच्या घरात जन्मलेला माणूस इंग्रजी कागदावर पाण्याचे रंग लावतो आहे, हे दृश्य मला फार आवडते. पत्र्यावर घाव कुठे घालायचा आणि कुठे नाही, हे कळणाऱ्या हाताला कागद कोरा कुठे सोडायचा हेही लवकर कळले असेल.

तो वर्ग फार दिवस चालला नाही. १७९५च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले. पाठोपाठ नोव्हेंबरात वेल्स गेला. लेण्यांची चित्रे काढण्याचे काम चालू असतानाच त्याला मरण आले, आणि तो ठाण्यात वारला असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. मी हे मुलांना सांगितले तेव्हा धाकट्याने विचारले, "ठाण्यात कुठे?" मी म्हटले, ते काही लिहिलेले नाही. तरी आठवडाभर तो रस्त्याने जाताना जुनी भिंत दिसली की थांबायचा.

दुसरी गोष्ट कागदाची. पाण्याच्या रंगात अर्धी कला कागदाची असते, हे आम्हाला भोक पडलेल्या एसटीने शिकवले होतेच. वहीचा कागद लाकडाच्या लगद्याचा आणि पातळ. पाणी लागले की तो फुगतो, पोळीसारखा वर येतो, दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की त्याचे कण सुटतात. कापसाच्या चिंध्यांचा जाड कागद पाणी पितो, पण धरून ठेवतो. असा कागद करण्याची विद्या दख्खनला नवी नव्हती. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे, तिथली कागद करण्याची परंपरा तुघलकाच्या काळापासूनची सांगतात. जुन्नरचा कागदही असाच नावाजलेला. मराठ्यांच्या दप्तरांतल्या किती पत्रांखाली या कागदी मुसलमानांचे कष्ट आहेत! पुण्यात १९४० साली हातकागदाची संस्था निघाली, तेव्हा ती विद्या पुन्हा एकदा उजेडात आली. माझ्या थोरलीला मी एकदा म्हटले, कागद, कलम, दौत, शाई हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. ती म्हणाली, "आणि कुंचला?" मी म्हटले, तो इथलाच, संस्कृत कूर्चातून आलेला. मग तिने एका हातात पेन धरले आणि दुसऱ्या हातात ब्रश, आणि हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली होती, म्हणून लक्षात राहिले.

तिसरी गोष्ट माझ्या आजोळची आहे आणि मला सगळ्यात जवळची. अम्मीचे माहेर कोल्हापूरचे. रंगाचा डबा घरात आला तेव्हा अम्मी थोडी अस्वस्थ झाली होती. ती उघड काही बोलली नाही, पण तिसऱ्या दिवशी म्हणाली, "झाडं काढा, पाणी काढा, डोंगर काढा. माणसांच्या तसबिरी नकोत." आमच्यात अनेक घरी सजीवांची चित्रे भिंतीवर लावत नाहीत, हे पुष्कळांना माहीत आहे. मी वाद घातला नाही. मी तिला आबालाल रहिमानांची गोष्ट सांगायला गेलो, तर तीच मला सांगू लागली. "आमच्या गावचे ते. कोटितीर्थावर बसायचे." तिच्या वडिलांनी तिला सांगितले होते.

आबालालांचा जन्म १८५६ ते १८६०च्या दरम्यान कोल्हापुरात झाला. घराणे लेखनिकांचे. कुराणाच्या हस्तलिखित प्रती करायच्या, त्यांच्या कडांना वेलबुट्टी काढायची, असा घरचा व्यवसाय. म्हणजे आबालालांची पहिली शाळा घरच. बोरूला टाक कसा पाडायचा, शाई किती पातळ करायची, सोनेरी रेघ न थरथरता कशी ओढायची, हे शेजारी बसूनच शिकायचे असते. वडील लिहितात, मुलगा पाहतो, मग मुलगा लिहितो आणि वडील पाहतात. त्याला अभ्यासक्रम नसतो. ते पुढे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि १८८८ साली तिथे त्यांना व्हाइसरॉयचे पदक मिळाले. ही शाळा निघाली १८५७ साली. तिथे त्या काळी सरळ आणि काटेकोर रेखाटनाला फार मान. पदक मिळवलेल्या माणसाने मुंबईत राहून श्रीमंतांची व्यक्तिचित्रे करावीत, हा ठरलेला रस्ता होता. आबालाल कोल्हापूरला परत आले.

शाहू महाराजांनी त्यांना दरबारात आश्रय दिला. पण दरबारी चित्रांपेक्षा माणसांच्या मनात राहिली ती त्यांची कोल्हापूरच्या पाण्याची चित्रे. रंकाळा, संध्यामठ, पंचगंगा आणि कोटितीर्थ. एकच तळे, एकच काठ, पण सकाळचे निराळे आणि संध्याकाळचे निराळे. शिकलेला काटेकोरपणा हळूहळू सैल होतो, रंगाचे लहान लहान ठिपके शेजारी शेजारी येतात आणि लांबून पाहिले की पाणी हलते. युरोपात त्याच सुमारास चित्रकार असेच काही करत होते. आबालालांना त्याची किती खबर होती, यावर जाणकार लिहितात. मला वाटते, रोज एकाच तळ्याकडे पाहणाऱ्याला बाहेरच्या खबरेची तितकीशी गरज लागत नसावी. हे माझे कवीचे मत आहे, चित्रकारांनी हसावे हवे तर.

शाहू महाराज १९२२च्या मे महिन्यात गेले. त्यानंतर आबालालांनी दुःखाच्या भरात आपली पुष्कळ चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे कोल्हापुरात सांगतात. अम्मीही असेच सांगते. नेमकी किती, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. उरलेली काही कोल्हापूरच्या टाउन हॉलच्या संग्रहालयात आहेत. आबालाल १९३१च्या डिसेंबरात गेले. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर त्यांना फार मानत. आणि बाबूराव तरी कुठल्या शाळेत शिकले? सुतारकाम, कोरीवकाम आणि चित्रकला घरातच होती. वडिलांजवळ आणि चुलतभाऊ आनंदरावांबरोबर ते शिकले, पुढे बाबूरावांनी कॅमेरा खटपटीने तयार केला, आणि १९२०मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला.

आता शाहू महाराजांची एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, कारण ती माझ्या विरुद्ध जाते. ज्या राजाने आबालालांना सांभाळले, त्यानेच १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा एक रुपया म्हणजे गरिबाच्या पोटाला चिमटा. त्या राज्यात मी असतो तर दोन मुलांचे दोन रुपये दर महिन्याला भरले असते. आणि महाराजांना दोष देता आला नसता. गुरे राखायला, शेण गोळा करायला जाणाऱ्या लाखो पोरांसाठी तो रुपया होता. आजचा २००९चा शिक्षणहक्काचा कायदाही त्याच वाटेवरचा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला तो शाळेचा हक्क देतो, घरी शिकवणाऱ्या आईबापांविषयी मात्र तो काही बोलत नाही. मी रात्री कधी कधी या रुपयाचा विचार करतो. माझी मुलगी चित्र काढते आहे, पण ती वर्गात नाही, मैत्रिणींच्या घोळक्यात नाही, डब्यातली भाजी वाटून खात नाही. हा दंड कोण भरते आहे, मी की ती?

हे मी टाळणार नाही, म्हणून बोललो. आता पुन्हा चित्रांकडे येतो.

कोल्हापूरचाच आणखी एक मुलगा, महादेव विश्वनाथ धुरंधर. जन्म १८६७. राजाराम हायस्कूलमध्ये शिकला, १८९०मध्ये जे. जे.त दाखल झाला आणि १९३१पर्यंत, आधी विद्यार्थी आणि मग शिक्षक म्हणून, तिथेच राहिला. तिथले प्रमुखपदही त्याने काही काळ सांभाळले. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. रावबहादूर धुरंधर म्हटले की जुन्या माणसांना तैलरंगातली मोठी चित्रे आठवतात, पण त्यांचे जलरंग पाहावेत. किंकेडच्या दख्खनच्या कहाण्यांच्या पुस्तकातली चित्रे, रॉथफेल्डच्या हिंदुस्थानातल्या स्त्रियांवरच्या पुस्तकातली चित्रे. कोळीण, ब्राह्मणीण, मुसलमान बाई, पारशीण, प्रत्येकीचे लुगडे किंवा साडी कशी पडते, हे त्यांनी इतके नेमके टिपले आहे की आज वेशभूषेचा इतिहास लिहिणारे ही चित्रे पुरावा म्हणून वापरतात.

धुरंधरांची मुलगी अंबिका. जन्म १९१२. ज्या काळात चांगल्या घरच्या मुलीने कलाशाळेत जाऊन नग्न वा अर्धनग्न मॉडेलसमोर बसणे ही कल्पनाही लोकांना झेपत नव्हती, त्या काळात ती जे. जे.त गेली आणि १९३१मध्ये पदविका घेऊन बाहेर पडली. त्याच वर्षी वडील निवृत्त झाले. पण ती कलाशाळेत जाण्याआधी कितीतरी वर्षे चित्रांच्या वासात वाढली होती. घरात वडिलांचा हात रोज चालताना दिसतो. कुठला रंग आधी, कुठला नंतर, कुठे थांबायचे, हे न विचारता कळते. पुढे तिने 'माझी स्मरणचित्रे' लिहिले, वडिलांची चित्रे जन्मभर जपली, आणि २००९ साली, शहाण्णव वर्षांचे आयुष्य संपवून, ती गेली. गोव्याचे आंतोनियो झेवियर त्रिंदाद आणि त्यांची मुलगी अँजेला हे असेच दुसरे घर. त्रिंदादही जे. जे.त शिकवत. मुलगी आधी बापाची शिष्य.

सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांची गोष्ट थोडी उलटी आहे. हातात समईसारखा दिवा धरलेल्या, ओंजळीने ज्योत झाकणाऱ्या मुलीचे चित्र आपण सगळ्यांनी कॅलेंडरवर पाहिले आहे. १९४५-४६च्या सुमारास काढलेले ते चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचे वाटते, आणि तैलरंगातले वाटते. ते हळदणकरांचे आहे, आणि जलरंगातले आहे. चित्रातली मुलगी म्हणजे त्यांची लेक गीता. बोटांतून फाकलेला तो तांबूस उजेड पाण्याच्या रंगात आणणे किती कठीण आहे, हे मला तीन वर्षे धडपडल्यावर थोडेसे कळते. तिथे पांढरा रंग लावून ज्योत दाखवलेली नसते. ज्योतीच्या जागी कागद तसाच सोडावा लागतो, आणि बाकी सगळा अंधार तिच्याभोवती आणून ठेवावा लागतो. मी हे चित्र मुलांना दाखवले तेव्हा थोरलीने एकच विचारले, "ती किती वेळ हलली नाही?" बापाच्या चित्रात मुलीचे काम कोणते, हे तिने बरोबर ओळखले.

१९३१ हे साल मात्र विलक्षण. आबालाल गेले, धुरंधर निवृत्त झाले, अंबिका शिकून बाहेर पडली, आणि मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा सुरू केला. तोच पुढे कॅम्लिन झाला, आणि उंटाचे चित्र असलेली रंगाची डबी मराठी घराघरांत गेली. आमच्या खोपटच्या डब्यावरही तोच उंट होता. त्याआधी विलायती रंगांच्या वड्या आणि नळ्या हाच काय तो आधार होता. लंडनच्या विन्सर आणि न्यूटनने १८३२मध्ये धंदा सुरू केला, रंगात ग्लिसरीन घालून तो ओलसर ठेवण्याची युक्ती काढली, आणि १८४६च्या सुमारास त्यांचे जलरंग धातूच्या नळीत मिळू लागले. चित्रकार घराबाहेर, तळ्याच्या काठी जाऊन बसू शकला, तो या क्षुल्लक दिसणाऱ्या सोयींमुळे. रंग म्हणजे तरी काय? भुकटी आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक. पाणी उडून जाते, डिंक रंगाला कागदाशी धरून ठेवतो.

पाणी उडून जाते, असे मी म्हटले. पण ठाण्यात ते उडेल तेव्हा खरे. खोपटला सिद्धेश्वर तलाव आहे. ठाणे तलावांचे शहर म्हणतात, त्यातला हा आमच्या वाट्याचा. आजूबाजूला चाळी आणि उंच इमारती, पण सकाळी सातच्या आत पाण्यात आकाश असते. आम्ही तिघे तिथे जाऊन बसायला लागलो. पहिल्या पावसाळ्यात फजितीच झाली. जुलैत कागदावर लावलेला वॉश तासभर ओलाच राहतो. त्यावर दुसरा रंग लावला की फुलकोबीसारखे गड्डे उमटतात. मेमध्ये उलटा प्रकार, रंग ब्रशवरच वाळतो. महिन्यामहिन्याला हात बदलावा लागतो, हे कुठल्या पुस्तकात नव्हते. मुलांनी ते माझ्याआधी ओळखले. धाकटा पावसाळ्यात मुद्दाम ओल्यावर ओला रंग सोडून ढग काढू लागला. मी मात्र अजून प्रत्येक रंगाला हुकूम देत होतो. थोरली एकदा माझ्या कागदाकडे पाहून, न अडखळता, म्हणाली, "अब्बू, तू रंगाला बोलू देत नाहीस." मी काही उत्तर दिले नाही. माझ्या डोक्यात एक निराळाच वर्ग उभा राहिला होता, ज्यात एका मुलीला कोणी बोलू देत नव्हते.

मुलांबरोबर शिकताना बापाची अडचण होते ती ही. शिकवताना आपण वरच्या पायरीवर असतो. शेजारी बसलो की आपला कागद त्यांना दिसतो. माझी झाडे झाडूसारखी यायची. धाकटा प्रामाणिकपणे विचारायचा, "हे झाडच आहे ना?" पहिले सहा महिने मला राग यायचा. एकदा मी माझा कागद टराटरा फाडला. दुसऱ्या दिवशी थोरलीनेही तिचा फाडला. चांगला होता तो. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे, फाडायचे काही नाही. वाईट चित्राच्या पाठीवर दुसरे काढायचे. अम्मीने हे सगळे कागद एका ट्रंकेत ठेवायला घेतले. माणसांच्या तसबिरी नकोत म्हणणारी अम्मी एक दिवस म्हणाली, "त्या डेपोच्या बाकड्यावर म्हातारी बसते ना, भाजीची टोपली घेऊन, तिला का नाही काढत?" मी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "लांबूनच काढा. तोंड नका काढू." थोरलीने काढली. तोंड नाही, पण पाठीचा बाक इतका ओळखू येतो की डेपोतल्या चहावाल्याने लगेच नाव सांगितले.

गेल्या हिवाळ्यात आम्ही अम्मीला घेऊन कोल्हापूरला गेलो. टाउन हॉलमध्ये आबालालांच्या चित्रांसमोर थोरली बराच वेळ उभी होती. मग आम्ही कोटितीर्थावर गेलो. अम्मी पायरीवर बसली. तिच्या आठवणीतले तळे याहून मोठे होते, असे ती म्हणाली. पाणी हिरवट, कडेला शेवाळ, थोडा कचराही. धाकटा काठावर वाकून आत पाहत राहिला. "चित्रं अजून खाली असतील?" मी म्हटले, शंभर वर्षे झाली बाळा, कागद कुजला असेल, डिंक विरघळला असेल. "मग रंग कुठे गेला?" त्याला काय सांगावे मला सुचेना.

थोरलीने तोवर पिशवीतून कागद काढून गुडघ्यावर घेतले होते. पाण्याची बाटली मात्र गाडीतच राहिली होती. मी आणायला उठलो, तर ती म्हणाली, "राहू दे." चार पायऱ्या उतरून तिने रंगाचा डबा तळ्यातच बुडवून भरला, आमच्या तिघांच्या मध्ये आणून ठेवला, आणि आम्ही कामाला लागलो.